बारावीनंतर बीएएसएलपी करावं का? स्पीच थेरपीत करिअर, घरचे तयार नाहीत, सल्ला हवाय

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी सांगली जिल्ह्यातली, यंदा बारावी सायन्स झालं, पीसीबी ग्रुप. नीट दिली पण एमबीबीएसला लागतील एवढे मार्क नाहीत हे मला परीक्षा देऊन बाहेर आल्यावरच कळलं होतं. आता पप्पा म्हणतात एक वर्ष रिपीट कर, आई म्हणते बीएएमएस बघ, मामा म्हणतो नर्सिंग कर लगेच नोकरी लागते. मला मात्र बीएएसएलपी करायचंय म्हणजे ते ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या तपासण्या आणि उपचार) आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी (बोलण्या-भाषेच्या अडचणींवरचे उपचार).

हे कुठून डोक्यात आलं तर आमच्या आजोबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हात-पाय फिजिओने बरेच सुधारले पण बोलण्याचं कुणी काही सांगितलंच नाही, मग मिरजेला एका हॉस्पिटलात एक मॅडम भेटल्या त्यांनी आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी घ्यायला सुरुवात केली. मी आजोबांना घेऊन जायचे म्हणून मला बसून बघायला मिळालं. एक गोष्ट अजून कळली नाही, आजोबांना पाणी हवं असेल तर पाणी म्हणता यायचं नाही, नुसतं हातवारे आणि चिडचिड, पण संध्याकाळी देवापुढे बसले की गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी शब्द न शब्द म्हणायचे. बघणारे म्हणायचे अहो येतंय की बोलायला, मुद्दाम बोलत नाहीत. तेव्हापासून हे काय आहे ते शिकायचंच असं झालंय.

माझे प्रश्न - कोर्स खरंच कसा असतो, महाराष्ट्रात कुठे कुठे आहे, दहावीपर्यंत मराठी मिडीयम आहे तर झेपेल का, पगार बरा मिळतो का (पप्पांचा पहिला प्रश्न हाच आहे), आणि हा कोर्स करून नक्की काय काम करायचं असतं? पप्पांना वाटतं बोबड्या पोरांना बोलायला शिकवायचं, त्यासाठी चार वर्षं कशाला. खरं काय ते सांगा, गोड गोड नको.

---

बांद्रा_लोकल

मी मुंबईत बीएएसएलपी करतेय, आता इंटर्नशिप चालू आहे त्यामुळे कोर्सचं मी सांगते बाकी सीनियर लोक सांगतील.

कोर्स चार वर्षांचा, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. पहिल्या वर्षी तुला वाटेल आपण मेडिकलला आलो का फिजिक्सला का बीए भाषाशास्त्राला, कारण कानाची आणि स्वरयंत्राची अ‍ॅनाटॉमी आहे, मेंदू आहे, ध्वनीचं फिजिक्स आहे (डेसिबल, फ्रिक्वेन्सी, हे अकरावीला ऑप्शनला टाकलं असशील तर परत काढून वाच), शिवाय लिंग्विस्टिक्स आणि सायकॉलॉजी. आणि हे आधीच माहीत असू दे की अर्धा कोर्स कानाचा आहे. खूप जणी स्पीच थेरपी म्हणून येतात आणि मग साउंडप्रूफ बूथमध्ये बसून ऑडिओमेट्री (कुणाला किती ऐकू येतं ते मोजणं) करताना कंटाळतात. आपल्याकडे डिग्री दोन्हीची एकत्र असते, वेगळं व्हायचं ते पुढे मास्टर्सला, एमएस्सी ऑडिओलॉजी किंवा एमएस्सी एसएलपी. पण मला विचारशील तर एकत्र असतं ते बरंच आहे, बोलत नाही म्हणून आलेल्या बाळाला आधी ऐकू येतंय का हे बघायलाच लागतं, आणि ते तुला स्वतःला करता येतं.

क्लिनिक दुसऱ्या वर्षीच सुरू होतं, आधी नुसतं बघायचं मग सीनियरच्या हाताखाली घ्यायचं. केस हिस्टरी घ्यायला लागतात तिथे खरी परीक्षा होते. समोर एखादी आई असते, भिवंडीहून किंवा पालघरहून तीन गाड्या बदलून आलेली, आणि तिला तू विचारतेस गरोदरपणी काही त्रास, जन्मल्यावर रडलं का, कावीळ झाली होती का, मान कधी धरली. हे सगळं तिच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. इथे मराठी मिडीयमवाल्या मुली आमच्यापेक्षा लवकर तयार झाल्या हे मी स्वतः बघितलंय. पुस्तकं आणि पेपर इंग्लिशमध्ये आहेत, पहिले सहा महिने जड जातील, पण सगळ्यांनाच जातात कारण त्या टर्म्स इंग्लिश मिडीयमवाल्यांनीही कुठे ऐकलेल्या असतात.

कॉलेजं - मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ सालची. मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं ऑडिओलॉजी-स्पीच थेरपी स्कूल, ते देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं आहे. बाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ साली सुरू झालेली, या लाइनमधलं सगळ्यात मोठं नाव तेच. तू नीट दिलीयस ते वाया गेलेलं नाही, राज्यातल्या बीएएसएलपीच्या जागा सीईटी सेलच्या नीटवाल्या प्रक्रियेतूनच भरतात, त्यामुळे फॉर्म भरताना तो पर्याय टाकायला विसरू नकोस. केंद्राच्या संस्थांची आणि म्हैसूरची प्रक्रिया वेगळी असते, त्यांच्या साइटवर यंदाची नोटीस वाच, जुन्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नकोस.

---

वाचा_पुणे

बाळ, तुझा प्रश्न वाचून थांबवेना म्हणून लिहितेय, मोठं होईल.

आधी आजोबांचं. त्यांना जे झालंय त्याला अफेजिया म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूचा डावा भाग बघतो, आणि डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं असे पेशंट आम्ही सारखे बघतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरने असा एक पेशंट बघितला होता ज्याला सगळं कळायचं पण तोंडातून फक्त "टॅन" एवढंच यायचं, तो गेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढे इजा. तेव्हापासून हा अभ्यास चालू आहे. आता आरती कशी येते, तर आरती, पाढे, वारांची नावं, एक ते दहा आकडे, कधीकधी शिवीसुद्धा, हे तोंडपाठ झालेलं बोलणं आहे. ते मनातून शब्द शोधून, वाक्य जुळवून काढावं लागत नाही, एक ओळ लागली की पुढची आपोआप येते, चालीला आणि पाठ असलेल्या गोष्टींना मेंदूच्या उजव्या बाजूचाही आधार असतो. पाणी मागायचं म्हणजे मात्र हजारो शब्दांतून तो एक शब्द शोधायचा, त्याचे आवाज क्रमाने लावायचे आणि तोंडाला हुकूम द्यायचा. ते तुटलंय. मुद्दाम बोलत नाहीत असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांग, कारण त्या एका वाक्याने पेशंट किती खचतो ते मी रोज बघते.

आणि थेरपीत याच गोष्टीचा उपयोग करतात. ग्लास समोर ठेवून "पा..." एवढं आपण म्हणायचं आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. घरच्यांना ते थांबणं जमत नाही, लगेच "पाणी म्हणा, पाणी!" सुरू होतं. पाच सेकंद, दहा सेकंद, पेशंटचे ओठ हलतात, चुकीचं काहीतरी येतं, परत "पा...", आणि मग "पाणी" येतं. किंवा "तहान लागली की आपण पितो..." असं वाक्य अर्धं सोडायचं. काही जणांना शब्द चालीवर म्हणायला लावून मग हळूहळू चाल काढून घ्यायची. आणि पेशंटचं मराठी कुठे तुटलंय ते ऐकायचं. "मी दुकानात गेलो आणि भाजी आणली" याच्या जागी "मी... दुकान... भाजी" येतं, विभक्ती गेली, क्रियापद गेलं, लिंगवचनाचं जुळणं गेलं. हे इंग्रजी टेस्ट घेऊन सापडत नाही गं. मराठी व्याकरण ज्याच्या कानात बसलंय त्यालाच सापडतं.

म्हणूनच दहावीपर्यंत मराठी मिडीयम ही तुझी अडचण आहे असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या मते या कामात तुझं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे. आमच्याकडे वापरातल्या बऱ्याच टेस्ट आणि चित्रं इंग्रजीतून आलेली, आणि समोरचा माणूस जतचा नाहीतर जळगावचा. जळगावकडचं पोर "शाळा"ला "शाया" म्हणतं, कारण त्याची आजी, आई, सगळा शेजार तसंच म्हणतो. नवखा थेरपिस्ट लगेच लिहितो "ळ चा उच्चार दोष" आणि सुरू करतो थेरपी. तो दोष नाहीच, ती त्याची बोली आहे. "पानी", "कोन" म्हणणाऱ्या पोराचंही तेच. पण तेच पोर सहाव्या वर्षी "काका"ला "ताता" आणि "गाडी"ला "दादी" म्हणत असेल तर मात्र बघायला हवं, कारण ते कुठल्याच बोलीत नाही. आणि तीन वर्षांचं मूल र आणि ळ म्हणत नाही म्हणून आई रडत आली तर तिला समजावून घरी पाठवायचं, ते आवाज मुलांना उशिराच येतात. कुठल्या मुलाला थेरपी लागत नाही हे ओळखणं हा या शिक्षणाचा फार मोठा भाग आहे आणि चार वर्षं त्यासाठीही लागतात, हे पप्पांना सांग.

दुसरं रोजचं - बालवाडीतून चिठ्ठी येते की मूल बोलत नाही, घरी इंग्लिश बोला. मग आई, जिचं इंग्लिश जेमतेम, ती "कम बेबी, सिट बेबी" करत राहते आणि मुलाला दिवसभरात नीट वाक्य कानावर पडतच नाही. मी अशा प्रत्येक आईला सांगते की तुला जी भाषा सहज येते त्यात बोल, भाकरी करताना बोल, आंघोळ घालताना बोल. दोन भाषांमुळे मुलाला भाषेचा आजार होत नाही. हे सांगणारी माणसं गावोगाव हवी आहेत.

बोबड्या पोरांचं म्हणशील तर तो कामाचा एक कोपरा आहे. मी हॉस्पिटलमध्ये आहे, माझा अर्धा दिवस गिळण्यात जातो. स्ट्रोकनंतर पुष्कळ पेशंटना गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं, कधी ठसकासुद्धा लागत नाही आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. म्हणून नाकातली नळी कधी काढायची, तोंडाने काय द्यायचं, पातळ द्यायचं का दाट, मान कशी ठेवायची हे आम्ही बघतो. चमचाभर पाणी देऊन गळ्यावर बोटं ठेवायची, स्वरयंत्र वर उचललं जातंय का बघायचं, मग "आ" म्हणायला लावायचं आणि आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येतोय का ऐकायचं. नातेवाईकांना वाटतं पाणी सगळ्यात सोपं, पण अशा पेशंटला साधं पाणीच सगळ्यात अवघड, ते झटकन घसरतं. शंका आली की व्हिडिओ एक्सरेवर किंवा नाकातून कॅमेरा घालून तपासणी.

मग तंबाखू. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री किती आहे ते तुला सांगायला नको. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जिभेचा भाग काढला की त, ट, न, ल, र सगळे आवाज बिघडतात आणि जेवणही अवघड होतं. स्वरयंत्रच काढलं तर माणूस गळ्याच्या भोकातून श्वास घेतो आणि आवाज पूर्ण जातो. त्यांना श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधे बसवलेल्या छोट्या व्हॉल्व्हने, भोकावर बोट दाबून, परत बोलायला शिकवतात. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी हे रोजचं काम आहे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बायकोला नावाने हाक मारणारा माणूस बघितलास की पगाराचा विचार काही वेळ तरी डोक्यात येत नाही.

याशिवाय तोतरेपणा, साधारण शंभर मोठ्या माणसांत एकाला असतो, सुरुवात बहुतेक दोन ते पाच वर्षांत होते, लहानपणी बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. लोक आधी वेखंड, अक्कलकाढा सगळं करून मग येतात, त्यात महत्त्वाची वर्षं जातात. शिक्षकांचे बसलेले आवाज, दुभंगलेला टाळू, ऑटिझम, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) झालेली मुलं... यादी लांब आहे.

आता पगार, कारण तू गोड नको म्हणालीस. सुरुवात कमी पगारावर होते. तुझ्या वर्गातली आयटीला गेलेली मुलगी पहिली काही वर्षं तुझ्यापेक्षा जास्त कमवेल. नुसत्या बॅचलर्सवर शहरात अडून राहायला होतं, मास्टर्स केलं की हॉस्पिटल आणि शिकवणं दोन्ही दारं उघडतात. आपलं क्लिनिक काढलं आणि नाव झालं की चांगलं चालतं, आणि तालुक्याच्या गावी तर स्पर्धा जवळपास नाहीच. पण पेशंट तुटक तुटक येतात, सुट्ट्यांत येत नाहीत, थोडं बरं वाटलं की बंद करतात, हे धरून चाल.

एक इशारा. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलाच कोर्स कर. १९९२ च्या कायद्याने आरसीआयच्या नोंदणीशिवाय ही प्रॅक्टिस करणं गुन्हा आहे, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. तीन महिन्यांत स्पीच थेरपिस्ट बना अशा ऑनलाइन सर्टिफिकेटच्या जाहिराती फिरतात, त्या पैशात चांगले बूट घे, क्लिनिकमध्ये दिवसभर उभं राहायला लागतं. एक वर्षाचा डीएचएलएस (हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच) डिप्लोमा खरा आहे, आरसीआयचाच आहे, पण तो असिस्टंट म्हणून काम करण्यासाठी.

---

अंबानगरीची_आई

मी थेरपिस्ट नाही, अमरावतीची आहे, माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ताईंनी वर सगळं लिहिलंच आहे पण आईच्या बाजूने पण ऐक.

आमच्याकडे सगळे म्हणत होते याचा बाप पण उशिराच बोलला, पोरगा आहे, वेळ लागते. दीड वर्षाचा झाला तरी ताट पडलं तर वळून बघत नव्हता. मग बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात ती) केली तेव्हा कळलं. आता मला माहीत आहे की महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत मशीन आणि थेरपी सुरू असं पाहिजे असते. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मग इम्प्लांट झालं सरकारी योजनेतून, एडिप म्हणतात ती.

इम्प्लांट झालं म्हणजे झालं असं वाटत होतं. ज्या दिवशी मशीन चालू केलं त्या दिवशी तो नुसता रडला, बोलणं तर दूरच. खरं काम त्याच्या पुढे. आमच्या मॅडमनी पहिल्या दिवशी मुलाकडे नाही माझ्याकडे बघून सांगितलं की आठवड्यात दोन तास मी बोलणार, उरलेला वेळ तुम्ही. मला शिकवलं कुकरची शिट्टी झाली की थांब, कानाला हात लाव, त्याच्याकडे बघ, म्हण "ऐकलं? शिट्टी झाली!" मग त्याला किचनमध्ये नेऊन कुकर दाखव. तोंड झाकून बोल म्हणजे ओठ बघून नाही, ऐकून समजेल. रोज. नळाचं पाणी, दाराची कडी, मोटारसायकल, सगळं. कितीतरी महिने काहीच नाही आणि एक दिवस शिट्टी झाली आणि त्यानेच कानाला हात लावला. मी गॅस तसाच ठेवून खाली बसली.

तो आता साध्या शाळेत आहे. ळ नाही म्हणत नीट, पण बडबड थांबत नाही.

तुला एवढंच सांगते, थेरपिस्ट झालीस तर आईशी नीट बोल. आम्ही एका ठिकाणी गेलो होतो तिथे मुलाला आत घेऊन दार लावून घ्यायचे, आत काय करतात कळायचं नाही, अर्ध्या तासाने बाहेर देऊन पैसे घ्यायचे. त्यात आमचं वर्ष गेलं. आणि होऊ शकलं तर पुण्या-मुंबईतच राहू नको, आम्हाला दर आठवड्याला गाडीने जावं लागत होतं आणि माझ्यासोबतच्या दोन बायांनी परवडत नाही म्हणून सोडूनच दिलं.

---

जिल्हा_ऑडिओ

मी जिल्हा पातळीवर काम करतो, आधी करारावर होतो. गोड नको म्हणालीस म्हणून ही बाजू लिहितो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या टीम अंगणवाडी आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात आणि अडचण दिसली की जिल्ह्याच्या डीईआयसीला (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवतात, तिथे आपल्या लाइनची पोस्ट असते. काम म्हणून याच्यापेक्षा भारी शिक्षण नाही. एका दिवसात सेरेब्रल पाल्सी, बहिरेपणा, दुभंगलेला टाळू, ऑटिझम, सगळं येतं. पण नोकरी करारावर, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघायची, मानधन वेळेवर येईलच असं नाही, मी स्वतः कित्येकदा दोन-तीन महिने थांबलोय. शिवाय कागदपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा हा वेगळा प्रकार आहे, आणि कृष्णाकाठची, अफेजियाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आजोबांचं बोलणं कायमचं गेलेलं असेल तर यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) विचारून बघ, बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं.

आणि मन थकतं हे आधीच सांगतो. ऑपरेशन केलं, गाठ निघाली, पेशंट घरी, असं आपल्याकडे नसतं. एखाद्या मुलाबरोबर सहा महिने काम करून एक शब्द येतो. काही मुलांना शब्द येतच नाहीत, मग चित्रांच्या पाटीवरून किंवा मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून बोलायला शिकवायचं, आणि आईबाप म्हणतात आम्हाला चित्रं नकोत, बोलता करा. त्यांना समजावणं सगळ्यात जड. माझ्या बॅचमधले काही जण कंटाळून हिअरिंग एड कंपन्यांत गेले, तिथे पगार बरा पण टार्गेट असतं. तेही काम आहे, वाईट म्हणत नाही, पण तुझं कारण आजोबा असतील तर तिथे तुझं मन लागणार नाही असं वाटतं.

---

लेस्टरची_मावशी

परदेशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात, कारण एजंट लोक यात फार फसवतात.

यूकेमध्ये स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट म्हणून काम करायला एचसीपीसीची (अशा व्यवसायांची नोंदणी ठेवणारी तिथली संस्था) नोंदणी लागते. बाकीच्या बऱ्याच व्यवसायांना आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ चालतो, आपल्याला ८ लागतो आणि कुठल्याही भागात साडेसातच्या खाली नको, कारण कामच भाषेचं आहे. अमेरिकेत मास्टर्सशिवाय काहीच नाही, वर ४०० तास क्लिनिकल, प्रॅक्सिस परीक्षा आणि मग सुपरव्हिजनखाली फेलोशिप, आणि तिथे ऑडिओलॉजी पूर्ण वेगळी, तिला डॉक्टरेट लागते. म्हणजे बीएएसएलपी केलं की उडाले असं नाही. इथे माझ्याकडे गुजराती, पंजाबी घरांतली मुलं येतात, कधीतरी मराठीही, आणि तिथेही नियम तोच, दुभाष्या घेऊन घरची भाषा तपासल्याशिवाय मुलाला भाषेची अडचण आहे असं लिहायचं नाही. तुझ्या पुण्याच्या ताई म्हणतात ते इकडेही खरं आहे. बाहेर जायचंच असेल तर आधी तिथे दोन-तीन वर्षं हात चालव, भारतात जेवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या केसेस एका वर्षात हाताखालून जातात तेवढ्या इथे बऱ्याच वर्षांत जात नाहीत.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं पप्पांना रात्री मोबाइलवर वाचून दाखवलं. पगाराचं ऐकून गप्प झाले, गिळण्याचं ऐकून म्हणाले हे मला माहीत नव्हतं, आपल्या तात्यांना (आजोबांना) पहिल्या महिन्यात ठसका लागायचा तो हाच का. आणि यूडीआयडीचं उद्याच विचारणार आहेत. रिपीटचं अजून पूर्ण सोडलं नाही पण सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये बीएएसएलपी टाकायला हो म्हणालेत.

मिरजेच्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या पेशंटची हरकत नसेल तर ये, बसून बघ. वाचाताई, काय बघू? म्हणजे कशावरून कळेल की मला जमेल?

---

वाचा_पुणे

हो, तात्यांचा ठसका तोच असणार. अजून जेवताना होतो का ते मॅडमना नक्की सांग, आता होत नसेल असं धरून चालू नका.

काय बघायचं तर, मॅडमकडे कमी आणि पेशंटकडे जास्त बघ. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर, हातात काय होतं ते बघ. वही ने आणि पेशंट जे बोलेल ते जसंच्या तसं लिही, सुधारून नाही. "मला भूक लागली" ऐवजी "मला भूक लागला" म्हणाला तर "लागला"च लिही. पहिल्यांदा तुझा हात आपोआप बरोबर लिहील, कान सुधारून ऐकतो म्हणून. जे आलं तेच ऐकू यायला लागणं ही या कामाची पहिली पायरी, आणि ते करताना तुला कंटाळा येतोय का मजा येतेय ते तुझं तुला कळेल.

एकाच प्रकारचे पेशंट बघू नकोस. मोठी माणसं बघितलीस, आता एखादं ऑटिझमचं मूल बघ जे तासभर तुझ्याकडे बघणारही नाही, आणि एखादा तोतरेपणाचा कॉलेजचा मुलगा बघ. त्याचं वाक्य अडकलं की तू त्याच्या तोंडातला शब्द पुरा करू नकोस, कितीही वाटलं तरी. कानाची तपासणी चालते तिथेही अर्धा दिवस बस, बांद्रा_लोकल म्हणते ते खरं आहे, अर्धा कोर्स तोच आहे.

आणि पप्पांना एकदा बरोबर ने. तात्यांच्या सेशनलाच ने, मॅडमना सांगून त्यांनाच "पा..." म्हणून थांबायला लाव. फॉर्मच्या आधी कॉलेजचं नाव आरसीआयच्या साइटवरच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि यंदाच्या वर्षासाठी आहे का ते तपास, नुसतं कॉलेजच्या बोर्डावर लिहिलंय म्हणून धरू नकोस. काही अडलं तर इथेच विचार, मी बघत असते.